सूर्योदय बघायला जाताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

घरी साडेसातच्या आत डोळा न उघडणारा माणूस ट्रिपला गेला की रात्री जेवताना हमखास बोलतो, उद्या सनराईज बघायचाच हां, चारला उठायचं सगळ्यांनी. आमच्या घरात तो माणूस मी. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत मी जेवढे सूर्योदय बघितले त्याहून जास्त हुकवलेत, कधी झोपून राहिलो, कधी भलत्याच दिशेला तोंड करून उभा होतो, एकदा तर दोन तास कुडकुडत बसलो आणि मग ढग आले. बायको म्हणते तुझा सूर्योदय सकाळी हुकत नाही, आदल्या संध्याकाळीच हुकलेला असतो, सकाळी तू फक्त खात्री करायला जातोस. बरोबर आहे तिचं, म्हणून हे लिहितोय.

समुद्र दिसला म्हणजे सूर्योदय दिसेल असं नाही

ही सगळ्यात बावळट चूक आणि ती मी केलीय. कोकणात बीचला लागून रूम घेतली, बुकिंग करताना फोनवरचा माणूस म्हणाला सर सनराईज व्ह्यू आहे, आणि मी खूश. अरबी समुद्र आपल्या पश्चिमेला आहे हे शाळेपासून पाठ आहे, पण समुद्राचा फोटो बघितला की डोकं बंद पडतं बहुतेक. साडेसहाला आईला आणि लेकीला उठवून वाळूत नेऊन उभं केलं, समोर करडा समुद्र, काहीच होईना. शेवटी ऊन आलं ते पाठीमागून, माडांच्या वरून, तेही चांगलं साडेसातनंतर. जाळं आवरत बसलेले एक काका हसून म्हणाले, "अहो, हय सूर्य बुडता, उगवता तो थय मागे." आई अजून सगळ्या नातेवाइकांना सांगते हे.

तर रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा इथल्या समोरच्या उघड्या समुद्रावर सूर्यास्त बघायचा. पाण्यातून वर येणारा सूर्य हवा असेल तर पूर्व किनारा गाठा, पुरी, कोणार्कजवळचा चंद्रभागा बीच, किंवा कन्याकुमारी. मुंबईकरांना मात्र एक सोय आहे, मुंबईचं बंदर शहराच्या पूर्वेला असल्यामुळे गेटवेसमोर पाण्यावर सूर्योदय दिसतो, आणि मरीन ड्राइव्हला जाऊन बसलात तर पाठ उन्हात.

गडांवर पण हेच. हरिश्चंद्रगडावर लोक कोकणकड्याजवळ तंबू ठोकतात आणि पहाटे कड्यावर जाऊन सूर्याची वाट बघतात. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे बाबांनो, तिथे संध्याकाळी बसायचं. सूर्योदयाला तारामतीवर चढा.

आपल्या गावाची वेळ दुसऱ्या गावाला चालत नाही

अख्ख्या देशाचं घड्याळ एक, पण सूर्य काही सगळीकडे एकदम उगवत नाही, एका रेखांशाला चार मिनिटं असा हिशोब आहे. म्हणजे नागपूरला मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी उजाडतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली वेळ बहुधा मुंबईची असते, ती बघून ताडोब्याचा प्लॅन केलात तर गंडलात.

आमचा मोठा घोटाळा दार्जिलिंगला झाला. दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो, पुण्यात तेव्हा साडेसहाच्या आसपास सूर्य उगवतो, म्हणून मी म्हटलं पाचला निघू, आरामात पोचू. टायगर हिलला नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्योदय पावणेसहालाच होतो! आणि उजेड त्याच्याही वीस-पंचवीस मिनिटं आधीपासून असतो. आम्ही निघालो तेव्हा हॉटेलमध्ये आमच्याशिवाय कोणीच नव्हतं, सगळ्या जीप चारच्या सुमारास गेलेल्या, आणि आम्ही वरच्या वळणावर ट्रॅफिकमध्ये अडकून गाडीच्या काचेतून तांबडं फुटताना बघितलं. तिथे जूनमध्ये तर पावणेपाचलाच सूर्योदय असतो. म्हणून ज्या गावाला जाताय त्या गावाची, त्या तारखेची वेळ बघा, हवामानाच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये मिळते.

अजून एक, बऱ्याच जणांना वाटतं २२ डिसेंबरला सगळ्यात उशिरा उजाडत असेल कारण तो सगळ्यात छोटा दिवस. तसं नाहीये. मुंबईत सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर असतो, सव्वासातच्या आसपास. आळशी लोकांनी ट्रिप संक्रांतीच्या सुमारास ठेवावी, मी ठेवतो.

आणि सूर्योदयाच्या वेळेला पोचणं म्हणजे उशिराच पोचणं. खरी मजा त्याआधीच्या अर्ध्या तासात असते, झुंजुमुंजू झाल्यापासून तांबडं फुटेपर्यंत, प्रत्येक दोन मिनिटांनी आकाशाचा रंग वेगळा. सूर्याची कड दिसल्यापासून अख्खा गोळा वर यायला आपल्याकडे दोन-सव्वादोन मिनिटं लागतात फक्त. तेवढ्यात तुम्ही पार्किंग शोधत असाल तर झालंच.

मित्राचा फोटो बघून जागा ठरवू नका

सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. महाराष्ट्रातून बघितलं तर जूनअखेर तो पूर्वेपासून साधारण २५ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो आणि डिसेंबरअखेर तेवढाच दक्षिणेकडे. म्हणजे मित्राने मे महिन्यात काढलेल्या फोटोत दोन सुळक्यांच्या मधोमध सूर्य असेल तर डिसेंबरमध्ये तो तिथे नसणार, कुठल्यातरी तिसऱ्याच डोंगराआडून येणार. यात मित्राचा काही दोष नाही.

समोर डोंगर असेल तर एक जुगाड सांगतो, हा आदल्या संध्याकाळी करायचा. हात सरळ लांब करा, मूठ वळा, एक डोळा मिटा. ती मूठ साधारण दहा अंश भरते. समोरचा डोंगर क्षितिजापासून एक मूठ उंच असेल तर सूर्य त्याच्यावर यायला अ‍ॅपमधल्या वेळेपेक्षा पाऊण तास जास्त लागेल. भंडारदऱ्याला किंवा हिमाचलात दरीतल्या होमस्टेच्या अंगणात बसून लोक म्हणतात अ‍ॅप चुकीचं आहे. अ‍ॅप बरोबर असतं, मध्ये डोंगर असतो.

अलार्मचे घोळ

अलार्म लावला आणि वाजलाच नाही, याची कारणं माझ्या अनुभवाने अशी. एक, अलार्म ऑफिसचाच, वेळ फक्त बदललेली, आणि तो सोमवार ते शुक्रवार सेट, आज शनिवार. दोन, एएमच्या जागी पीएम, त्यापेक्षा सरळ चोवीस तासांचं घड्याळ करा. तीन, आणि हे फारसं कोणी सांगत नाही, हॉटेलच्या रूममध्ये ते कार्ड घातलं की लाईट लागते ना, रात्री आम्ही जेवायला जाताना फोन चार्जिंगला लावून कार्ड काढून गेलो, आल्यावर फोन बघितलाच नाही, चार्जरची पिन सॉकेटमध्ये सैल, फोन नऊ टक्क्यांवर, पहाटे मेला. आता दोन फोनवर लावतो आणि दुसरा खोलीच्या पार त्या टोकाला ठेवतो.

मेघालयात डावकीला गेलात तर अजून गंमत, बांगलादेशाचं टॉवर पकडलं की फोनचं घड्याळ अर्धा तास पुढे जाऊ शकतं. तिकडे सीमेजवळ घड्याळ ऑटोमॅटिकवर ठेवू नका, नाहीतर अर्धा तास आधीच उठून बसाल आणि सगळ्यांच्या शिव्या खाल.

उठलात तरी बाहेर पडता येईल का ते आधी विचारा. मेन गेटला कुलूप, वॉचमन झोपलेला, ही वेळ आमच्यावर दोनदा आलीय. रिसेप्शनला रात्रीच सांगून ठेवा, गाडीवाल्याला सांगा, आणि जंगल किंवा किल्ला असेल तर गेट कधी उघडतं, रात्री चढायला परवानगी आहे का तेही विचारून घ्या. कन्याकुमारीला तर लोकांचा समज असतो की विवेकानंद शिलास्मारकावर उभं राहून सूर्योदय बघायचा, पण तिथे जाणारी बोटच आठच्या सुमारास सुरू होते. सूर्योदय किनाऱ्यावरूनच बघावा लागतो. (ते स्मारक उभं करायला झटलेले एकनाथ रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले, १९७० ला झालं ते स्मारक. दिवस उगवल्यावर पहिल्या बोटीने जाऊन या, चुकवू नका.)

कळसूबाई: उशीर नको म्हणून फार लवकर

एकदा हुकला की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, बारी गावातून चढायला आमच्यासारख्यांना तीन-साडेतीन तास लागतात. डिसेंबरात तिथे सूर्य सातच्या आसपास उगवतो. आम्ही ऑफिसचे सहाजण घाबरून रात्री बारालाच सुटलो. साडेतीनला वर. चढताना घामाने टी-शर्ट ओला, वर वारा असा की उभं राहवेना, आणि सूर्याला अजून साडेतीन तास! मंदिराच्या आडोशाला एकमेकांना चिकटून बसलो, एकाचे दात इतके वाजत होते की आम्हाला हसू येत होतं आणि भीतीपण वाटत होती. उजाडायच्या सुमाराला तापमान सगळ्यात खाली असतं, त्यामुळे बसाल तसं बरं वाटेल ही आशा सोडा.

आता हिशोब उलटा करतो. सूर्योदयातून चढायचा वेळ वजा, वर पाऊण तास वजा, आणि शनिवार-रविवार असेल तर अजून अर्धा तास वजा, कारण लोखंडी शिड्यांशी रांग लागते आणि तिथे घाई करण्यात अर्थ नाही. म्हणजे डिसेंबरात बारीतून अडीचच्या आसपास निघायचं. सॅकमध्ये एक कोरडा टी-शर्ट, वर पोचल्या पोचल्या ओला काढून तो घालायचा, मग जॅकेट. कानटोपी. हेडलाईट डोक्याला लावायची, मोबाईलचा टॉर्च हातात धरून शिडी चढायला गेलात तर एक हात कमी पडतो. आणि पोटात काहीतरी हवंच, चिक्की नाहीतर राजगिऱ्याचा लाडू, चहाची टपरी वर उघडी असेलच असं धरून चालू नका.

सगळे तिकडेच बघतात

टायगर हिलला दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो, यावेळी साडेतीनला उठून. गर्दी सगळी पूर्वेकडे मोबाईल धरून. शेजारचा एक ड्रायव्हर म्हणाला, सर, उधर देखो. उत्तरेला कांचनजंगा, ८५८६ मीटर, आणि सूर्य आम्हाला दिसायच्या आधीच तिचं टोक गुलाबी झालेलं, मग केशरी, मग वरून खाली ओघळत आल्यासारखं सोनेरी. टायगर हिलला लोक येतात त्या बर्फासाठी, सूर्यासाठी नाही, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. बर्फाचे डोंगर नसले तरी आकाश स्वच्छ असेल तर सूर्योदयाच्या आधी एकदा पश्चिमेला वळून बघा, क्षितिजाला निळसर पट्टा दिसेल आणि त्याच्यावर गुलाबी. तो निळसर पट्टा म्हणजे आपल्याच पृथ्वीची सावली. सूर्य वर येतो तसा खाली खाली जातो.

फोटोचं फार नाही सांगत, दोनच गोष्टी. एसीच्या रूममधून कॅमेरा काढून दमट हवेत नेला की लेन्सवर वाफ धरते आणि पुसली तरी परत येते, म्हणून अर्धा तास आधी बॅगेसकट बाहेर व्हरांड्यात ठेवा. आणि मोठ्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावून उगवलेल्या सूर्याकडे झूम करू नका, डोळ्याला इजा होते, स्क्रीनवर बघा.

ढग

जुलैत महाबळेश्वरला विल्सन पॉईंटवर सूर्योदय बघायला जाणाऱ्यांना मी काय बोलू, धुक्यात स्वतःचे पाय दिसत नाहीत. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपल्या सह्याद्रीतला खरा मोसम. पण अगदी निरभ्र आकाश पाहिजे असाही हट्ट नको, वर पातळ ढग असले तर रंग जास्त चढतात, त्रास देतात ते क्षितिजालगतचे जाड ढग. वाटलं हुकला, तरी पंधरा-वीस मिनिटं थांबा. गोळा दिसला की लोक टाळ्या वाजवतात, सेल्फी काढतात आणि पळतात, टायगर हिलला तर ड्रायव्हरच घाई करतात, पुढे बतासिया लूप आणि घूमचा मठ असतो ना. निघायची वेळ रात्रीच ठरवून घ्या म्हणजे खाली हॉर्न वाजत नाहीत. तिरपं ऊन दरीतल्या धुक्यात शिरतं ते गोळा वर आल्यानंतरच.

आणि परत येतानाची गाडी. रात्रभर जागून, चढून, उतरून लगेच ड्रायव्हिंग करायचं ही चूक आम्ही एकदाच केली, घोटीच्या अलीकडे माझा डोळा लागला आणि शेजारच्याने स्टिअरिंग धरलं. तेव्हापासून नियम आहे, खाली बारीत पोहे खायचे, चहा घ्यायचा आणि सीट मागे करून दीड तास गाडीतच झोपायचं. अलार्म लावून.