दूध, मूग, तूर : मुलांना दुसरा उकार शिकवताना

दुसरी-तिसरीतली मुलं ‘दुध’, ‘फुल’, ‘कापुस’ लिहितात त्यात बऱ्याचदा आपलाच हात असतो. शुद्धलेखन घालताना आपण ‘दु... ध’ असं तोडून सांगतो आणि उकाराची लांबीच निघून जाते. उलट ‘विहिरीत’ फार सावकाश म्हटलं की ‘वीहीरीत’ ऐकू येतं, मूल तसंच लिहितं. म्हणून शब्द बोलण्याच्या वेगानं, वाक्यात घालून सांगा : ‘दूध तापलं.’

एका दिवशी सहाच शब्द, सगळे दुसऱ्या उकाराचे : दूध, फूल, मूग, तूर, ऊस, कापूस. खानदेशातल्या मुलाला यातला एकही समजावून सांगावा लागत नाही, सगळं लक्ष लिहिण्यावर राहतं. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर एकेक शब्द लिहा, दीर्घ अक्षर तेवढं लाल. मुलानं शब्द म्हणायचा, लाल अक्षरावर बोट ठेवायचं, कार्ड पालथं घालून पाटीवर लिहायचं आणि मग ताडून पाहायचं. चुकलं तर नुसता उकार गिरवून दुरुस्त करू देऊ नका. अख्खा शब्द पुन्हा लिहायला लावा. दहा मिनिटं पुरे. दुसऱ्या वेलांटीचे शब्द (मीठ, पीठ, खीर, भरीत, उडीद) त्याच दिवशी काढू नका, दोन्हींची गल्लत होते.

हात बसला की जोड्या द्या : फूल–फुलात, दूध–दुधात, तूर–तुरीची, ऊस–उसाचा. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ; प्रत्यय लागून तो मागे गेला की ऱ्हस्व. हा नियम पाठ करून घेण्यात अर्थ नाही. जोडी चार-पाचदा मोठ्यानं म्हणवून घ्या, ‘फू’ लांबतो आणि ‘फुलात’मध्ये आखडतो हे कानाला कळतं. कापूस–कापसाचा, उडीद–उडदाची यांत तर उकार-वेलांटी उडूनच जाते. त्या जोड्या सगळ्यात शेवटी.

शब्दाच्या अखेरचं अक्षर सोपं : पाटी, वही, लाडू, खडू, सगळे दीर्घ. ‘आणि’ मात्र पहिल्या वेलांटीचा, तो डोळ्यांनीच लक्षात ठेवायचा. चिंच, भिंत, उंट यांत अनुस्वारामुळे ऱ्हस्व. गुण, सुख, विष, मंदिर हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, वरच्या नियमात न बसणारे शब्द. ते वेगळ्या कागदावर लिहून भिंतीला लावा आणि भेटेल तसा एकेक वाढवत जा.

घरी अहिराणी बोलणारं मूल ‘काळी’ऐवजी ‘कायी’ लिहील. वेलांटी बरोबर आहे, तिच्यावर बरोबरची खूण करा. ‘ळ’चा सराव दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या पानावर. दोन्ही चुकांवर एकाच वेळी लाल शाई फिरवली तर नेमकं काय चुकलं हे मुलाला उमगत नाही.