वळीव पडला म्हणून कुंड्यांचं पाणी बंद करताय? या चुका टाळा

कॅलेंडरात चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू. आमच्या पुण्यातला वसंत असा की सकाळी दहालाच पंखा पाचवर, दुपारी चारला पूर्वेकडून आभाळ काळंकुट्ट, साडेचारला धूळ-वारा आणि वाळत घातलेले कपडे काढायची पळापळ, आणि पाच वाजता सोसायटीच्या ग्रुपवर सुरू, "आमच्याकडे गारा!!", "कोथरूडला धो धो", "हडपसर कोरडं ठणठणीत", "कात्रजला लाईट गेले का हो?" मला या गप्पा जाम आवडतात खरं सांगू का. पण त्याच गप्पांत कुणीतरी लिहितंच, चला, आज झाडांना पाणी घालायचं काम वाचलं. तिथंच घोळ होतो.

माझ्याकडे गच्ची आणि बाल्कनी मिळून साठेक कुंड्या आहेत आणि इतक्या वर्षांत मी जी झाडं मारलीयेत (मारलीयेत हाच शब्द बरोबर आहे) त्यातली बरीचशी ना भर मेच्या उन्हात गेली ना जुलैच्या झडीत, ती गेली एक-दोन वळीव पडल्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत. कारण वळीव आला की आपण पावसाळ्यासारखं वागायला लागतो आणि ऊन मात्र वैशाखातलंच असतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक, पाणी बंद करणं

एक साधा हिशोब सांगते. पाऊस १ मिलिमीटर पडला म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. आपल्या बारा इंची कुंडीचं तोंड जेमतेम ०.०७ चौरस मीटर. म्हणजे १० मिलिमीटर पाऊस झाला, ज्याला आपण ग्रुपवर "धो धो" म्हणतो, तरी कुंडीत पडलं किती, तर ७०० मिली. त्यात झाड डेरेदार असेल तर त्याची पानं छत्रीसारखी अर्धं पाणी बाहेर सांडतात. मोठ्या झालेल्या टोमॅटोला मे महिन्यात दिवसाला दीड-दोन लिटर आरामात लागतं. करा वजाबाकी.

तीन वर्षांपूर्वी माझी मिरची अशीच गेली. लवंगी होती, छान लगडलेली. सलग दोन संध्याकाळी पाऊस झाला, वरची माती काळी ओली दिसत होती, मी म्हटलं मस्त, आणि चौथ्या दिवशी तिनं मान टाकली. मला वाटलं पाणी जास्त झालं, म्हणून अजून दोन दिवस पाणी दिलं नाही 🤦 शेवटी उपटून बघितलं तर वरची एक-दीड इंच माती ओली आणि खालचा मुळांचा गोळा अख्खा कोरडा, हातात घेतला तर विटेसारखा टणक, आणि मातीत मिसळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तर भुश्श करून उडालं. उन्हानं माती आकसते, कुंडीच्या कडेनं फट पडते, आणि वरून पडलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली भोकातून बाहेर. खालून पाणी आलेलं बघून आपल्याला वाटतं चला कुंडी भिजली. कुठली भिजतेय! कोकोपीट एकदा कडकडीत वाळलं की ते पाणी पीतच नाही लवकर.

म्हणून आता मी पाऊस झाला की मातीत बोट घालते, दोन पेरं आत. आत कोरडं लागलं तर पाऊस गेला खड्ड्यात, पाणी द्यायचंच. समोरच्या काकू हसतात, पावसात पाणी घालतेस होय म्हणून. हसू देत.

आणि कुंडी आतून अशी वाळलीच असेल तर एकदम बादली ओतू नका, तेही कडेनंच निघून जाईल. छोटी कुंडी असेल तर टबात पाणी घेऊन त्यात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, अर्धा तास धरा. मोठी असेल तर छत्रीची तुटलेली काडी घ्या (प्रत्येक घरात असते), मुळं सांभाळून आठ-दहा ठिकाणी भोकं पाडा, आणि तांब्याभर पाणी, दहा मिनिटं थांबा, परत तांब्याभर, असं तीन-चार वेळा. कडेची फट मातीनं बुजवा आणि वर वाळक्या पानांचा थर द्या.

अजून एक गंमत, जी मला फार उशिरा कळली. वळीव आमच्याकडे बहुतेक वेळा पूर्वेकडून येतो आणि मान्सून पश्चिमेकडून. त्यामुळे ज्यांची बाल्कनी पश्चिमेला आहे त्यांच्या कुंड्यांवर वळवाचा थेंबही पडत नाही कितीदा, आणि बाहेर मात्र रस्ते वाहत असतात. घरात बसून पावसाचा आवाज ऐकून पाणी बंद करणारे बहुतेक हेच लोक, म्हणजे मीसुद्धा, माझी बाल्कनी पश्चिमेचीच.

किती पडला हे बघायला मी गच्चीत एक सरळ उभ्या कडांचा स्टीलचा डबा ठेवलाय मोकळ्यावर, पाऊस थांबला की त्यात पट्टी बुडवायची. परवा मोजला तर ४ मिलिमीटर. म्हणजे बारा इंची कुंडीला पावणेतीनशे मिली, चहाचे दोन-तीन कप. आणि ग्रुपवर काय, "आज तर तुफान".

ओल्या मातीत झाड मलूल झालंय, मग?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर सकाळी मिळतं, दुपारी नाही. दुपारी दोनला भोपळा, दोडका, जास्वंद माना टाकतातच, मातीत पाणी असलं तरी, आणि ऊन उतरलं की परत ताठ. त्याला घाबरून पाणी ओतू नका. पण सकाळी सातला, ऊन नसताना, माती खालपर्यंत ओली असताना झाड मलूल दिसलं तर मामला गंभीर आहे, मुळं सडतायत. कुंडी तिरकी करा, भोकाला नाक लावा (हो, लावा), नासका वास आला तर खालचं भोक तुंबलंय. बऱ्याचदा मुळांनीच ते बंद केलेलं असतं किंवा कुंडी टाइलवर सपाट चिकटून बसलेली असते. काडीनं भोक मोकळं करा, खाली दोन फरशीचे तुकडे देऊन कुंडी उचलून ठेवा, आणि चार दिवस पाणी नको. लोक अशा वेळी खत घालतात, ते अजिबातच नको, आजारी माणसाला बासुंदी दिल्यासारखं होतं.

खताची घाई

पहिला पाऊस झाला की झाडं कशी हिरवीगार दिसतात, आणि मग नर्सरीत गर्दी, शेणखत द्या, डीएपी (हे रासायनिक खत) द्या. वीज चमकते तेव्हा हवेतला नायट्रोजन थोडा पावसातून येतो हे खरंय, पण एका रात्रीत झाड हिरवं दिसतं त्याला मोठं कारण म्हणजे पानांवरची दोन महिन्यांची धूळ धुतली जाते. आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार कुंडीत साचून कडेला पांढरी पापडी धरते ना, तीही थोडी विरघळून जाते. झाडाला बरं वाटलेलं असतं, भूक लागलेली नसते अजून. अशात परत ३९-४० डिग्री ऊन पडलं आणि मातीत रासायनिक खत असलं की पानांच्या कडा करपतात. कच्चं शेण तर त्याहून वाईट, ते मातीत गरम होतं आणि हुमणीच्या अळ्या येतात त्या वेगळ्या. मूठभर जुनं गांडूळखत चालेल. बाकी सगळं मृगापर्यंत ठेवा, म्हणजे ७-८ जून.

अर्थात मृगाचंही काही खरं नाही आता. २०२५ मध्ये मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत, एरवी मुंबईची तारीख ११ जून. त्या वर्षी मी मेअखेर कुंड्या बदलायचं ठरवून माती गच्चीत वाळत टाकलेली, तिचा असा काही चिखल झाला की सांगायची सोय नाही, खालच्या मजल्यावरून फोन आला तो वेगळाच. तेव्हा वाळवलेली माती पोत्यात भरून आडोशाला ठेवा, आभाळ स्वच्छ दिसलं तरी.

कुंडी बदलणं आणि छाटणी

गारवा आला म्हणून रिपॉटिंग काढू नका. दोन दिवसांचा गारवा असतो तो. मुळं दुखावलेलं झाड तिसऱ्या दिवशीच्या उन्हात उभं राहत नाही. गुलाबाची जोरात छाटणीही नको, आतल्या कोवळ्या फांद्यांवर एकदम ऊन पडून त्या भाजतात. मोगरा आत्ता फुलतोय त्याला हात लावायचा नाही, पावसानं भिजून तपकिरी झालेली फुलं तेवढी खुडा. तसंच सावलीतली झाडं, मनी प्लांट वगैरे, "पावसात न्हाऊ दे" म्हणून गच्चीत नेऊन ठेवली असतील तर रात्रीच आत आणा, सकाळी राहून गेलं तर संध्याकाळी पानांचे पापड झालेले असतात. माझा स्पायडर प्लांट असाच गेला आणि मी ऑफिसात बसून खुश होते की त्याला आज पाऊस मिळाला.

फवारणीचा गोंधळ

या दिवसांत दोन गोष्टी हमखास. जास्वंदीवर मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि दोडक्या-भोपळ्याच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पावडर टाकल्यासारखी दिसणारी बुरशी. पावसाच्या माऱ्यानं मिलीबग थोडे धुतले जातात हे खरं, पण धुऊन जातात कुठे, खालच्या कुंडीत. त्यातून मुंग्या त्यांना परत वर नेतात. आधी मुंग्यांचा बंदोबस्त, मग पाण्याची जोरात पिचकारी, फार भरलेला शेंडा असेल तर सरळ कापून पिशवीत बांधून कचऱ्यात. मग निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, त्यात लिक्विड सोपचे चार थेंब, नाहीतर तेल वर तरंगत राहतं. आणि हे फवारायचं संध्याकाळी, आभाळ बघून. मी एकदा साडेतीनला फवारलं, पाचला पाऊस, सगळं धुऊन साफ. आणि एकदा सकाळी अकराला फवारलं तर पानं भाजली.

भुरीला लोक ताक सांगतात. मी करून बघितलंय, थोडा फरक पडतो, पण गच्चीभर आंबट वास आणि माशा, आमच्याकडे मंजूर नाही. पाण्यात विरघळणारं गंधक चांगलं चालतं, लिटरला २ ग्रॅम, फक्त एक लक्षात ठेवा, ३२ डिग्रीच्या वर ऊन असताना मारलं तर पानं जळतात, आणि निंबोळी तेल मारल्यानंतर दोन आठवडे गंधक नाही. म्हणजे पुण्यात मे महिन्यात ते वापरायची संधी जवळजवळ नाहीच! मग काय करायचं, तर भुरीची पानं काढून टाका, वेल जरा विरळ करा म्हणजे वारा खेळेल, आणि भाजीवर काहीही मारण्याआधी पाकिटावर किती दिवस तोडायचं नाही ते वाचा.

गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके आले तर ती पानं झाडावरचीही काढा आणि खाली पडलेलीही उचला, तिथूनच पुढच्या पावसात शिंतोड्यांबरोबर परत वर जातात.

बी टाकायची घाई

मातीचा वास आला की हात शिवशिवतात, मान्य आहे. पण कोथिंबीर आत्ता टाकलीत तर उगवेल उशिरा आणि चार पानांवरच तुऱ्यावर येईल, उन्हाळ्यात ती तशीच करते. मेथीची रोपं उगवतात झटपट, पण एक रात्र पाणी साचलं की मातीलगत देठ बारीक होऊन आडवी पडतात. ही रोपं परत उभी राहत नाहीत, टाकून द्या, आणि त्याच मातीत लगेच परत पेरू नका. त्यापेक्षा अंबाडी, राजगिरा, चवळी टाका, त्यांना हे हवामान झेपतं. बियाणं दाट टाकू नका एवढंच.

अडेनियमवाल्यांसाठी (ते फुगीर बुंध्याचं, गुलाबी फुलांचं झाड) दोन ओळी. एका वळवानं त्याला काही होत नाही, दर वेळी आत-बाहेर नाचवू नका. पण सलग तीन-चार दिवस ढगाळ आणि ओलं राहिलं तर आडोशाला घ्या आणि बुंधा अंगठ्यानं दाबून बघा. टणक असेल तर निवांत रहा. पिचपिचीत लागला तर लगेच उपटून सडका भाग पांढरा निरोगी गर दिसेपर्यंत कापा, आठवडाभर सावलीत वाळू द्या, मगच कोरड्या रेताड मातीत लावा.

पाऊस थांबल्यावरची पाच मिनिटं

बश्या ओता. कुंड्यांखालच्या बश्या, रिकामे डबे, बादल्या, उलटे ठेवलेल्या कुंड्यांचे खळगे, सगळं. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार. गच्चीतल्या बागेवरून सोसायटीत जी भांडणं होतात त्यात या मुद्द्यावर समोरचा माणूस बरोबर असतो, तिथं वाद घालू नये.

आणि कठड्यावरच्या कुंड्या. वळवाच्या पावसाआधीचा तो पाच मिनिटांचा वारा पावसापेक्षा बेकार असतो. भिजलेली बारा इंची कुंडी पंधरा-वीस किलो भरते, चौथ्या मजल्यावरून खाली कुणाच्या डोक्यात पडली तर काय होईल याचा विचारही नको. आमची तुळस वर्षानुवर्षं कठड्यावर होती, मी ती खाली जिन्याच्या कोपऱ्यात ठेवली तर सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला, तुळस अशी कोपऱ्यात ठेवतात का म्हणून. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि समोरच्या बिल्डिंगवरचा पत्रा उडून बरोबर आमच्या कठड्यावर आदळला, तुळस असायची तिथं. आता सासूबाई स्वतःच आभाळ आलं की विचारतात, कठड्यावर काही राहिलं नाही ना गं?