घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या वायफायवर घातक साइट कशा अडवाव्यात

फिल्टर लावायचा तो राउटरवर. प्रत्येक फोनवर वेगळे ॲप टाकणे किंवा ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन घालत बसणे हा फुकटचा व्याप आहे, कारण घरात नवीन फोन आला की तो उघडाच. राउटरमधली ‘यूआरएल ब्लॉक’ची चौकट तर विसरूनच जा. आज जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर चालतात, स्वस्त राउटरला त्यातला पत्ता नीट वाचता येत नाही, आणि फसव्या साइट तुमची यादी पुरी होण्याआधीच नाव बदलतात.

काम होते ते डीएनएसने. साइटचे नाव टाकले की तिचा आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर म्हणजे डीएनएस. फिल्टरवाला डीएनएस घातक नावाला खरा पत्ता देतच नाही, त्यामुळे पान उघडत नाही. पुढच्या सगळ्या सेवा घरगुती वापराला फुकट आहेत. (आकडे राउटरमध्ये भरताना अर्थातच इंग्रजी.)

घरात मुले असतील तर क्लाउडफ्लेअरचे १.१.१.३ आणि १.०.०.३. यात मालवेअरच्या (घातक सॉफ्टवेअर पसरवणाऱ्या) आणि प्रौढांसाठीच्या, दोन्ही साइट अडतात. ऑफिसला १.१.१.२ आणि १.०.०.२, नाहीतर क्वाड९ चे ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२, हे फक्त मालवेअर आणि फसवणुकीच्या साइट अडवतात. ऑफिसात त्याहून कडक फिल्टर लावू नये, चालू कामातली एखादी साइट अडली की दोन दिवसांत कोणीतरी सगळेच काढून टाकतो. गूगल-यूट्यूबचा सेफ सर्च (शोधातले अश्लील निकाल गाळणे) सक्तीने हवा असेल तर क्लीनब्राउझिंगचा फॅमिली फिल्टर आहे: १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. तो रेडिटसारख्या सरमिसळ साइटही बंद करतो, हे धरून चला.

इथेच पहिला वाईट सल्ला भेटतो: ‘दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८ ठेवा, पहिला बंद पडला तर उपयोगी.’ अजिबात नको. दुसरा रकाना राखीव खेळाडू नव्हे. पहिल्याचे उत्तर यायला जरा उशीर झाला तरी संगणक दुसऱ्याला विचारतो, काही राउटर तर दोघांनाही एकदमच विचारतात. गूगलच्या ८.८.८.८ वर असा कोणताही फिल्टर नाही. दोन्ही रकाने एकाच सेवेचे हवेत.

राउटरचे पान उघडा (पत्ता आणि पासवर्ड डब्याखालच्या स्टिकरवर असतो), लॅनमधल्या (घरातले जाळे) डीएचसीपीच्या पानावर, म्हणजे फोनना पत्ते वाटले जातात तिथे, हे दोन आकडे भरा, वॅनच्या (बाहेरच्या नेटची बाजू) पानावर भरता येत असतील तर तिथेही भरा, सेव्ह करा. मग प्रत्येक फोनचे वायफाय एकदा बंद-चालू करा, नाहीतर तो जुनाच डीएनएस धरून बसतो. ॲडमिनचा पासवर्डही आत्ताच बदला. डीएनएसचेंजर नावाचे मालवेअर डीफॉल्ट पासवर्ड वापरून राउटरमधलाच डीएनएस बदलत असे. २०११ मध्ये एफबीआयने ती टोळी पकडली, पण डीफॉल्ट पासवर्ड अजून घरोघरी आहेत.

गोव्यात बऱ्याच ठिकाणी फायबरचा डबा केबलवाल्याचा असतो आणि ग्राहकाला मिळणाऱ्या लॉगिनमध्ये ही पाने दिसतच नाहीत. मागून मिळाले तर ठीक. न मिळाले तर हुज्जत न घालता दीड-दोन हजारांचा स्वतःचा राउटर घ्या. डब्याच्या लॅन पोर्टमधून केबल आपल्या राउटरच्या वॅन पोर्टला, डब्याचे वायफाय बंद. आपल्या राउटरचा पत्ता मात्र १९२.१६८.१०.१ असा वेगळा ठेवा, दोघेही १९२.१६८.१.१ असले तर नेट चालणार नाही आणि दोष फिल्टरला लागेल.

आयपीव्ही६ ची गळती

इथवर दहा मिनिटांचे काम. बहुतेक लेख इथेच संपतात, आणि बहुतेक घरांत फिल्टर इथेच फसतो.

कारण असे. तुम्ही भरलेले आकडे आयपीव्ही४ चे, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीचे. पण आता बऱ्याच कनेक्शनांवर त्याच्या जोडीला आयपीव्ही६ ही नवी पद्धतही येते, आणि डबा प्रत्येक फोनला नेट कंपनीचा आयपीव्ही६ डीएनएस परस्पर देऊन टाकतो. फोन किंवा लॅपटॉप बहुतेकदा तो आधी वापरतो. राउटरच्या पानावर १.१.१.३ दिमाखात दिसत असते आणि प्रश्न मात्र भलतीकडे जात असतात. काही साइट अडतात, काही उघडतात, आज अडलेली उद्या उघडते. मग लोक म्हणतात, ‘फिल्टर बेभरवशाचा आहे.’ फिल्टर ठीकच असतो, त्याला विचारलेलेच नसते.

विंडोजवर आधी जुन्या नोंदी पुसा: कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश, फ्लशडीएनएस. मग एनएसलुकअप, स्पेस, आणि मालवेअर डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम हे नाव. हे क्लाउडफ्लेअरने चाचणीसाठीच ठेवलेले नाव आहे, त्यात धोका नाही. (प्रौढ साइटच्या चाचणीला मालवेअरच्या जागी न्यूडिटी लिहा.) उत्तर काही ओळींत येते. वरच्या दोन ओळींत कोणत्या सर्व्हरने उत्तर दिले ते असते, खालच्या ओळींत उत्तर. खाली ०.०.०.० दिसले तर फिल्टर लागला. दुसराच काही आकडा आला तर वर बघा: सर्व्हरच्या पत्त्यात ठिपक्यांऐवजी विसर्गासारखे दुहेरी ठिपके असतील तर गळती आयपीव्ही६ चीच. ही चाचणी क्लाउडफ्लेअरच्या आकड्यांसाठी आहे. क्वाड९ लावला असेल तर ब्राउझरमध्ये इझइटब्लॉक्ड डॉट ऑर्ग उघडा, ती उघडता कामा नये.

दुरुस्तीचे दोन मार्ग. राउटरमध्ये आयपीव्ही६ च्या डीएनएसचा रकाना असेल तर तिथे २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ भरा (ऑफिसच्या फिल्टरसाठी शेवट १११२ आणि १००२). पण सावधान: अनेक डब्यांत हा रकाना डीएचसीपीव्ही६ च्या पानावर असतो, आणि अँड्रॉइड फोन डीएचसीपीव्ही६ मधून डीएनएस घेतच नाहीत. ते राउटर ॲडव्हर्टाइझमेंट म्हणजे आरए, राउटर स्वतःहून सगळ्यांना पाठवतो त्या सूचनेमधून घेतात. म्हणून लॅपटॉपवर चाचणी पास आणि मुलांच्या फोनवर नापास, हा गोंधळ नेहमीचा. आरएसाठी वेगळा रकाना नसेल तर त्या वाटेला जाऊच नका.

दुसरा मार्ग म्हणजे लॅनवरचा आयपीव्ही६ सरळ बंद करणे. ‘त्याने नेट मंदावते’ असे कोणी सांगेल. घरात आणि आठ-दहा संगणकांच्या ऑफिसात फरक जाणवत नाही. अपवाद एकच: बाहेरून आयपीव्ही६ वरून थेट सीसीटीव्ही किंवा सर्व्हर बघत असाल तर ते तुटेल. माझे मत विचाराल तर साध्या डब्यावर नेहमी हाच मार्ग. वर सांगितल्याप्रमाणे स्वतःचा राउटर लावला असेल तर त्याच्यात आयपीव्ही६ बंद आहे एवढे पाहा, झाले.

फोन आणि ब्राउझर

गळतीची दुसरी जागा खुद्द उपकरणात. अँड्रॉइड ९ पासून पुढे सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. ते ‘ऑटोमॅटिक’ असेल तर राउटरचे ऐकते. तिथे एखादे नाव भरलेले असेल तर राउटरला वळसा घालून जाते. क्रोममध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सिक्युरिटी, ‘यूज सिक्युअर डीएनएस’ इथे तसेच: चालू सेवा निवडलेली असेल तर चालेल, दुसरी कंपनी निवडलेली असेल तर नाही. म्हणून नुसत्या कमांड प्रॉम्प्टवर विसंबू नका. तीच चाचणी ब्राउझरमध्ये, मोबाइल डेटा बंद करून, पुन्हा करा. ऑफिसच्या राउटरला फायरवॉल असेल तर बाहेर जाणारे ८५३ पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार) बंद करा, प्रायव्हेट डीएनएसची वाट बहुतेक तिथे संपते. ब्राउझरचा सिक्युअर डीएनएस मात्र ४४३ वरून, म्हणजे सगळ्या साइटच्याच वाटेने जातो. तो पोर्ट बंद करून चालणार नाही. व्हीपीएन, म्हणजे सगळे नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारे ॲप, तेही यातून सुटते. हट्टाला पेटलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला डीएनएस फिल्टर अडवू शकत नाही, आणि अडवेल असे सांगणाऱ्याकडून काही विकत घेऊ नका.

मुलांच्या फोनवर तेच ‘प्रायव्हेट डीएनएस’ उलट कामाला लावता येते: तिथे फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर हायफन डीएनएस डॉट कॉम भरले की शाळेच्या बसमध्ये मोबाइल डेटावरही फिल्टर चालतो. अशा घरात ८५३ पोर्ट मात्र बंद करू नका, नाहीतर घरी आल्यावर त्या फोनचे नेट बंद पडेल.

मोरजी-पाळोळेसारख्या ठिकाणी होमस्टे चालवत असाल, किंवा चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरत असेल, तर त्यांच्यासाठी गेस्ट वायफाय वेगळे ठेवा आणि त्यावर ८५३ बंद करण्याच्या फंदात पडू नका. आयसोलेशनचा (उपकरणे एकमेकांपासून वेगळी ठेवण्याचा) पर्याय चालू करा, म्हणजे पाहुण्याचा फोन बिलिंगच्या संगणकापर्यंत पोचणार नाही. ते आयसोलेशन अडवायच्या साइटच्या कोणत्याही यादीपेक्षा जास्त उपयोगी.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पाय-होल, म्हणजे घरचाच फिल्टरवाला डीएनएस, बसवण्याचा सल्लाही हमखास मिळतो. यूपीएस नसेल तर आपल्याकडच्या पावसाळ्यात नकोच. वीज ये-जा करून मेमरी कार्ड खराब झाले की सगळ्या ऑफिसचे नेट बंद, आणि दुरुस्त करणारा माणूस सुट्टीवर.

पावसाळ्याचीच दुसरी गोष्ट: विजेच्या कडकडाटात डबा जळला की केबलवाला नवा लावून जातो, नव्या डब्यात यातले काहीच नसते. आपला राउटर वेगळा असेल तर प्रश्न नाही. नसेल तर आकडे, आयपीव्ही६ आणि ॲडमिनचा पासवर्ड पुन्हा बघा. सेटिंग पानांचे फोटो काढून ठेवले असतील तर पाच मिनिटे लागतात.

व्हॉट्सॲपवर आलेली एपीके (ॲप बसवणारी) फाइल, ‘वीजबिल थकले, रात्री कनेक्शन तोडणार’ म्हणणारा फोन, किंवा गूगल फॉर्मवर मागितलेला ओटीपी यांतले काहीच हा फिल्टर पकडत नाही. तो फक्त साइटचे नाव बघतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.