झेनॉन स्कॅनच्या दिवसाची तयारी: वायू सगळ्यात शेवटी

पेशंट पिशवीतला झेनॉन वायू श्वासात घेतो आणि तो फुप्फुसात कुठे पोहोचला ते प्रतिमेत दिसतं, अशा झेनॉन एमआरआयची तयारी करताना सतत लक्षात ठेवायचं ते हे, की पिशवीतला वायू कुणासाठी थांबत नाही. तापवलेल्या रुबिडियमच्या वाफेवर लेझर टाकून झेनॉन-१२९ ची अणुकेंद्रं एका दिशेला वळवलेली असतात, (यालाच ध्रुवीकरण म्हणतात), त्यामुळे मशीनला मिळणारा संकेत दहा हजार पटींहून जास्त वाढतो. पण हे वळण टिकाऊ नाही. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या झेनॉनात, योग्य चुंबकक्षेत्र असेल तर, काही तास निघतात. वितळवून पिशवीत भरला की घड्याळ वेगाने पळायला लागतं, आणि फुप्फुसात ऑक्सिजनची गाठ पडली की हाताशी राहतात जेमतेम वीसेक सेकंद. म्हणून बाकीचं सगळं आधी उरकायचं.

आदल्या दिवशी मशीन बघा. नेहमीचा एमआरआय हायड्रोजन ऐकतो. दीड टेस्लाच्या मशीनवर हायड्रोजन ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास, तर झेनॉन १७.७ च्या आसपास. तेव्हा हायड्रोजनखेरीज इतर अणुकेंद्रं ऐकायची सोय चालू आहे ना, छातीला गुंडाळायची झेनॉनची कॉईल (संकेत पकडणारी अँटेना) नीट लागते ना, आणि झेनॉन भरलेल्या चाचणीच्या बाटलीतून संकेत येतो ना, हे तपासा. प्रत्येक रेडिओ स्पंदन थोडं ध्रुवीकरण खातं आणि ते परत भरून येत नाही, त्यामुळे एका स्पंदनाने केंद्रं किती कोनात वळवायची हे गणित पेशंट टेबलावर असताना सोडवत बसू नका. पोलरायझरजवळ (लेझरने झेनॉनचं ध्रुवीकरण करणाऱ्या यंत्राजवळ) जाणाऱ्यांचे गॉगल जागेवर हवेत. ७९५ नॅनोमीटरचा तो लेझर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणूनच जास्त धोक्याचा.

सकाळी पेशंट आला की पेसमेकर, क्लिपा, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, ही नेहमीची विचारपूस. दम्याचा पंप कधी घेतला ते तासासकट लिहून ठेवा. तो थांबवायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील, आपण नाही. स्पायरोमेट्री (फुंकून श्वासाची क्षमता मोजायची चाचणी) शक्यतो त्याच दिवशी करा. बसल्या जागी ऑक्सिजनची पातळी मोजा. ती आधीच खालावलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण स्कॅनच्या त्या एका श्वासात फारसा ऑक्सिजन नसतो.

आता सराव. माझ्या मते स्कॅन फसतात ते भौतिकशास्त्रामुळे कमी, श्वासामुळे जास्त. झेनॉनची असेल तेवढीच साध्या हवेची पिशवी घ्या, नाकाला चिमटा लावा, नळी दातांत न चावता ओठांत घट्ट धरायला सांगा. दोनदा नेहमीसारखा श्वास आत-बाहेर. मग नेहमीइतकाच सोडायचा, पोट आवळून सगळी हवा बाहेर काढायची नाही. आणि मग पिशवी चपटी होईपर्यंत ओढून दहा-पंधरा सेकंद थांबायचं. काहीजण नळी काढताना नकळत थोडी हवा सोडतात. पोटावर हात ठेवून बघा, लगेच कळतं. सूचना पेशंटच्या भाषेत द्या. परदेशात आईवडिलांना घेऊन जाणाऱ्या मुलांनी ‘घ्या, सोडा, घ्या, सोडा, आता ओढा, धरा’ हा क्रम घरीच पाठ करून घेतला तर टेबलावर दुभाष्या लागत नाही.

झेनॉन भूल देणारा वायू आहे हेही आधीच सांगा. मिनिटभर डोकं हलकं वाटेल, ओठांना झिणझिण्या येतील, आवाज जाड येईल. न सांगता झालं तर माणूस घाबरून श्वास सोडतो.

पेशंट आत आडवा, बोटाला ऑक्सिमीटर, साधी हायड्रोजनची प्रतिमा हवेच्या तेवढ्याच पिशवीवर घेऊन झालेली: इतकं झाल्यावरच पिशवी भरायला सांगा. भरल्यावर ध्रुवीकरण मोजून आकडा आणि वेळ लिहा. पिशवी लोखंडी ट्रॉलीवरून आणू नका, हातात धरून थेट आणा. दार लागलं, मशीन तयार आहे असा ऑपरेटरचा इशारा आला, की मगच नळीचा चिमटा उघडा.

अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये एफडीए या औषध नियामक संस्थेने या वायूला १२ वर्षं आणि त्यापुढच्यांच्या वायुवीजन तपासणीसाठी (फुप्फुसात हवा कुठे पोहोचते ते बघण्यासाठी) मान्यता दिली, तेव्हापासून ही तपासणी केवळ प्रयोगशाळेची राहिलेली नाही. म्हणून नोंदीही तशाच चोख हव्यात. हवा न पोहोचलेल्या भागाची टक्केवारी काढताना ती हायड्रोजनची प्रतिमा लागते, आणि दोन्ही श्वास सारखे नसतील तर फुप्फुसाची कड जुळत नाही. स्कॅननंतर ऑक्सिजनची पातळी पूर्ववत होईपर्यंत पेशंटला उठवू नका. टक्केवारीशेजारी त्या दिवशीचा स्पायरोमेट्रीचा आकडा आणि पंपाची वेळ लिहा.