द्राक्षाची जेली घरच्या घरी: अथणीची द्राक्षं आणि खानापूरची करवंदं

शिवरात्र ते पाडवा हा आपल्याकडे द्राक्षांचा हंगाम. अथणी, विजापूर, तासगावकडचा माल बेळगावच्या बाजारात उतरतो आणि हंगामाच्या शेवटी भाव पडले की घरात पाटीच्या पाटी येते. जेलीसाठी हीच वेळ बरी. आणखी एक कारण म्हणजे पाडव्याच्या पुढेमागे खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या रानातली कच्ची करवंदं मिळू लागतात, आणि या जेलीत त्यांचं मोठं काम आहे.

जेली घट्ट होते ती पेक्टिन (फळातलाच घट्टपणा आणणारा पदार्थ), आंबटपणा आणि साखर या तिघांचं जमलं तर. आपली खायची द्राक्षं, मग ती थॉमसन असोत, सोनाका असोत की काळी शरद, गोडीला उत्तम पण पेक्टिन आणि आंबटपणात कमी पडतात. नुसती आटवली तर काकवीसारखा पाक होतो. पाककृतींत म्हणून पेक्टिनची पूड घालायला सांगतात. कच्च्या करवंदात पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असताना पूड कशाला आणायची? करवंदं नाहीच मिळाली तर तेवढेच जरा कच्चे पेरू घ्या आणि लिंबाचा रस वाढवा.

दोन किलो काळी द्राक्षं घ्या. रंगासाठी काळीच बरी, हिरव्यांची जेली फिकट होते. त्यातली पाव भाग थोडी कच्ची, आंबट असू द्यात. बागेत फवारणी बरीच होते, तेव्हा मिठाच्या पाण्यात घटकाभर ठेवून चोळून धुवा आणि पुन्हा साध्या पाण्यातून काढा. ४०० ग्रॅम कच्ची करवंदं देठं काढून चिरा. चीक हाताला चिकटतो, आधी तेल लावून घ्या.

करवंदं अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटं शिजवा. मग हाताने कुस्करलेली द्राक्षं घालून मंद आचेवर आणखी दहा मिनिटं. जास्त नको, पेक्टिन मोडतं. हे सगळं ओल्या मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवा, खाली स्टीलचं पातेलं. पुरचुंडी पिळायचा मोह होणारच. पिळली की जेली गढूळ होते. चोथा फेकू नका, गूळ घालून चटणी होते, ती वेगळी गोष्ट.

मिळालेला रस आणखी एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग जेलीत काचेच्या कणांसारखे खडे लागतात. द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाचे ते क्षार, थंडीत तळाशी बसतात. सकाळी वरचा रस हलक्या हाताने ओतून घ्या, गाळ राहू द्या.

आता शिजवणं. एका वेळी एकच लिटर रस घ्या, रुंद आणि जाड बुडाच्या पातेल्यात. जास्त घेतला तर आटायला वेळ लागतो, रंग काळवंडतो आणि जेली सैल राहते. लिटरला ६५० ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस. साखर विरघळली की आच मोठी करा, फेस काढत राहा.

उतरवायची वेळ ओळखणं हेच खरं कसब. पुस्तकांत १०४-१०५ अंशांचा आकडा असतो, तो समुद्रसपाटीचा. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, इथे पाणीच साधारण ९७-९८ अंशांना उकळतं. तेव्हा थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून आकडा पाहा. जेली त्याहून साडेचार अंश वर गेली की झाली, म्हणजे साधारण १०२. थर्मामीटर नसेल तर थंड चमचा बुडवून आडवा धरा: सुरुवातीला थेंब सुटे पडतात, शेवटी दोन थेंब काठावर एकत्र येऊन पापुद्र्यासारखे निसटतात. मला हाच चमचा जास्त भरवशाचा वाटतो.

बाटल्या आधीच धुऊन गरम पाण्यात ठेवलेल्या असाव्यात, थंड काचेत उकळती जेली ओतली की तडा जातो. झाकणं नवीच घ्या. वर अर्ध्या बोटाच्या जाडीएवढी जागा सोडून भरा, काठ ओल्या फडक्याने पुसा, झाकण हाताला लागेल तेवढंच आवळा. मोठ्या पातेल्याच्या तळाशी जाळी किंवा फडकं घालून बाटल्या उभ्या ठेवा, पाणी झाकणाच्या वर दोन-तीन सेंटिमीटर हवं. उकळी फुटल्यापासून दहा मिनिटं मोजा. सखल भागात पाच मिनिटं पुरतात. आपल्याकडे मात्र उंचीमुळे, बेळगाव असो की अथणी, दहाच हवीत. वर मेण ओतायची जुनी पद्धत सोडून द्या. कडेला फट राहून बुरशी शिरते.

बाटल्या काढून फडक्यावर ठेवा, दिवसभर हलवू नका. गार झाल्यावर झाकणाचा मधला भाग दाबून पाहा. खाली बसलेला असेल तर सील झालं. टकटक वाजला तर ती बाटली फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवा. सील झालेल्या बाटल्या अंधाऱ्या फडताळात वर्षभर टिकतात, उघडल्यावर मात्र फ्रिजमध्ये.

लिटरभर रसात पाव किलोच्या चार-पाच बाटल्या होतात. दोन दिवसांनीही सैल वाटली तर परत पातेल्यात ओता, चमचाभर लिंबाचा रस घाला, चमच्याची खूण दिसेपर्यंत उकळा आणि नव्या झाकणांनी पुन्हा दहा मिनिटं पाण्यात ठेवा. जास्तीची साखर घालू नका, तिने जेली घट्ट होत नाही, बाटलीत खडीसाखर तेवढी धरते.