फेअरच्या तारखेपासून उलटं मोजा: फोर-एचसाठी जातिवंत कोंबडी आणि डुक्कर

काउंटी फेअरची, म्हणजे काउंटीच्या जत्रेची, तारीख आधी कॅलेंडरवर लिहा, जनावर नंतर शोधा. अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना हे वेड बहुधा उन्हाळ्यात एखादं फेअर बघूनच लागतं आणि ऑगस्टमध्ये घरी हट्ट सुरू होतो. तो हट्ट पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा. 1 ऑगस्टच्या फेअरमध्ये उतरणारं डुक्कर जानेवारीच्या शेवटी जन्मलेलं असतं, आणि प्लिमथ रॉकसारख्या जड जातीचं पिल्लू फार तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अंड्यातून बाहेर आलेलं असावं लागतं. मे महिन्यात दुकानातून आणलेली गोंडस पिल्लं ऑगस्टमध्ये अर्धवट पिसांची असतात. त्यांना रिबन मिळत नाही.

फोर-एच हा मुलांचा क्लब चालतो राज्याच्या कृषी विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन ऑफिसमधून, म्हणजे विस्तार कार्यालयातून, आणि स्पर्धेत साधारण 8 ते 18 वर्षांची मुलं उतरतात. पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या: नावनोंदणी कधी बंद होते, डुकराच्या कानातल्या टॅगची नोंद कधीपर्यंत करायची, आणि वायक्यूसीए प्रमाणपत्र लागतं का. हे दरवर्षी करायचं छोटं प्रशिक्षण आहे. औषधं, खाद्य आणि जनावराची निगा यांबद्दलचं. टॅगची तारीख चुकली तर जनावर कितीही देखणं असो, आत घेत नाहीत. शहरात राहत असाल तर तिथले नियमही बघा: कोंबड्या चालतात पण आरवणारा कोंबडा चालत नाही, हे बऱ्याच ठिकाणी आहे. मग फक्त माद्या दाखवायच्या. डुक्कर मात्र क्लबातल्या कुणाच्या शेतावर जागा भाड्याने घेऊनच पाळावं लागतं, आणि रोज दोनदा तिथे जायची तयारी हवी.

कोंबडी: पसंत कशी करायची

अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन 1873 साली स्थापन झाली आणि 1874 पासून तिचा मानक ग्रंथ निघतो. प्रत्येक जातीचा तुरा, डोळा, पाठीची रेषा, शेपटीचा कोन, पायाचा रंग त्यात लिहिलेला आहे. परीक्षक तुमच्या कोंबडीची तुलना शेजारच्या पिंजऱ्याशी नंतर करतो, आधी त्या मानकाशी करतो. म्हणून फीड स्टोअरमधली पिल्लं नकोत. ती अंड्यांसाठी निवडलेल्या वाणाची असतात. नाव ‘बार्ड रॉक’ (पट्टेरी प्लिमथ रॉक) असलं तरी अंग लहान आणि पट्टे धुरकट. प्रदर्शनासाठी पैदास करणाऱ्याकडून घ्या, आणि एक-दोन नव्हे, किमान सहा घ्या. सहांतून दोन दाखवण्याजोगी निघाली तर नशीब चांगलं.

पहिल्या वर्षी पांढरी जात टाळा. डाग दिसतात हे एक. दुसरं, भर उन्हात राहून पांढरं पीस पिवळट पडतं आणि ते धुऊन जात नाही. पट्टेरी प्लिमथ रॉक नवशिक्यासाठी उत्तम: स्वभावाने शांत, मातीचे डाग लपवणारी. तिची मानक वजनं पाठ करा, परीक्षक विचारतो: कोंबडा साडेनऊ पाउंड, कोंबडी साडेसात, वर्षाच्या आतला नर आठ, तलंग (वर्षाच्या आतली मादी) सहा. पट्टे आणणारा जीन नरात दोनदा असतो आणि मादीत एकदा, म्हणून नर नेहमी फिकट दिसतो. त्याला दोष समजून काढून टाकू नका.

काढून टाकायचं ते पुढच्या कारणांसाठी. एकेरी तुऱ्याच्या बाजूला फुटलेला जादा कोंब. साफ पायाच्या जातीत पायावर उगवलेलं पीस, अगदी बारीक लव असली तरी. एका बाजूला वळलेली शेपटी. पंख उघडल्यावर मधे पडणारी फट. यांतलं काहीही असलं की पक्षी थेट बाद होतो, आणि हे सगळं दोन-तीन महिन्यांत दिसायला लागतं. तेव्हाच बघा, जुलैमध्ये बघून उपयोग नाही.

वाढवताना

पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये (पिल्लांच्या उबदार पेटीत) 95 अंश फॅरेनहाइट, मग दर आठवड्याला 5 अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात: दिव्याखाली गर्दी म्हणजे थंडी, कडेला पसरून चोची उघड्या म्हणजे उकाडा. उष्णतेचा दिवा साखळीने आणि शिवाय तारेने, असा दोनदा बांधा. नुसत्या चिमट्यावर लावलेला दिवा भुशात पडून खुराडी जळतात. खाद्य 18 ते 20 टक्के प्रथिनांचं स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं खाद्य. अंडी सुरू होईपर्यंत लेअर फीड (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य) देऊ नका. त्यातला जादा कॅल्शियम वाढत्या पिल्लाचं मूत्रपिंड बिघडवतो. खुराड्यात दर पक्ष्याला 4 चौरस फूट जागा, नाहीतर पिसं टोचणं सुरू होतं आणि प्रदर्शन तिथेच संपतं.

पिसाचं गणित नीट समजून घ्या. मोडलेलं पीस पुढच्या पीसगळतीपर्यंत तसंच राहतं. मुळासकट उपटलेलं पीस साधारण सहा ते आठ आठवड्यांत नवं येतं. म्हणजे जूनच्या सुरुवातीला दिसलेलं मोडकं पीस काढता येतं, जुलैच्या शेवटी दिसलेलं नाही. आणखी एक: पिवळ्या पायाची कोंबडी अंडी घालायला लागली की रंग तिच्या अंगातून अंड्याच्या बलकात उतरतो. आधी गुदद्वाराची कड फिकी होते, मग डोळ्याभोवतालचं कडं, मग चोच, शेवटी पाय. म्हणून नुकतीच अंड्यावर आलेली तलंग वर्षभर अंडी दिलेल्या कोंबडीपेक्षा जास्त तेजस्वी दिसते.

दर आठवड्याला शेपटीखाली आणि पंखाखाली पिसं फुंकून बघा. हलणारे बारीक ठिपके किंवा पिसाच्या मुळाशी पांढऱ्या लिखांचे गठ्ठे दिसले तर परमेथ्रिन या कीटकनाशकाची भुकटी लावा आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा लावा. पहिल्या वेळी त्या किड्यांची अंडी मरत नाहीत. बहुतेक जण हा दुसरा हात विसरतात आणि फेअरच्या दारावरूनच परत पाठवले जातात.

आंघोळ

फेअरच्या दोन-तीन दिवस आधी. आदल्या रात्री नको, कारण पिसांवरचं नैसर्गिक तेल परत यायला दीड-दोन दिवस लागतात. तीन टब लावा. पहिल्यात अंगाला कोमट लागेल असं पाणी आणि सौम्य भांड्याचा साबण, दुसऱ्यात पाण्यात पाव कप व्हिनेगर, तिसऱ्यात नुसतं पाणी. कोंबडीला मानेपर्यंत पाण्यात बसवायचं, एक हात छातीखाली, डोकं सतत वर. पहिली वीस सेकंदं ती धडपडते, मग कोमट पाण्यात तिचे डोळे मिटायला लागतात; तेव्हा हात सैल सोडू नका, मान पाण्यात जाते. स्पंज डोक्याकडून शेपटीकडेच फिरवा. उलटा फिरवला की पिसाचे धागे सुटतात आणि पीस विस्कटलेलंच राहतं. पायाच्या खवल्यांत अडकलेली घाण मऊ टूथब्रशने आणि टूथपिकने काढा. सगळ्यात महत्त्वाचं खळबळणं: साबण राहिला तर पिसं वाळल्यावर चिकट, राखाडी दिसतात. मग उबेत, वारा न लागणाऱ्या जागी वाळवा. तुऱ्याला बोटाने व्हॅसलीनचा अगदी पुसट हात, फेअरच्या सकाळी.

शोमनशिप, म्हणजे मुलाची परीक्षा, ही वेगळी स्पर्धा आहे. पक्षी पिंजऱ्यातून डोकं पुढे ठेवून काढायचा आणि डोकं पुढे ठेवूनच आत घालायचा. शेपटी पुढे गेली की पिसं तारेला अडकून मोडतात. मग क्रमाने डोकं, दोन्ही पंख उघडून, पिसांखालचा रंग, पोटाची रुंदी, छातीचं हाड, पाय. रोज दहा मिनिटं, चार आठवडे, घरच्याच पिंजऱ्यात सराव पुरतो.

कागदपत्रांत पुलोरम-टायफॉइड या कोंबड्यांच्या रोगांची चाचणी किंवा एनपीआयपी (राष्ट्रीय पोल्ट्री सुधार योजना) प्रमाणपत्र मागतात. आणि बर्ड फ्लू आला तर पक्ष्यांचं प्रदर्शन रद्दच होतं: 2015 मध्ये आयोवा आणि मिनेसोटात झालं, 2022 मध्येही अनेक राज्यांत. मुलाला हे आधी सांगून ठेवा.

डुक्कर

इथे सगळा खेळ वजनाचा आहे. समजा 270 पाउंडाचं डुक्कर उतरवायचं आहे आणि तुम्ही नऊ आठवड्यांचं, 50 पाउंडाचं पिल्लू घेताय. वाढवायचे 220 पाउंड, रोजची वाढ 1.8 पाउंड धरली तर 122 दिवस. 1 ऑगस्टपासून मागे मोजा: बरोबर 1 एप्रिल. एक पाउंड वाढीला साधारण 3 पाउंड खाद्य लागतं, म्हणजे 660 पाउंड, 50 पाउंडी तेरा-चौदा पोती. दोन पिल्लं एकत्र घ्या. एकटं डुक्कर कमी खातं.

बर्कशायर काळं, पाय, नाक आणि शेपटीचं टोक मिळून सहा पांढरे ठिपके. हॅम्पशायर काळं, खांद्यावर पांढरा पट्टा. ड्युरॉक तांबडं, कान पडलेले. यॉर्कशायर पांढरं, कान उभे. शुद्ध जातीत उतरायचं तर वंशावळीचा कागद मुलाच्या नावावर हवा, आणि कानाच्या खाचा त्या कागदाशी जुळायला हव्यात. डुकराच्या उजव्या कानातल्या खाचा वेताचा क्रमांक सांगतात, डाव्या कानातल्या त्या वेतातल्या पिल्लाचा. विकत घेताना स्वतः वाचून बघा. खाच चुकीची निघाली तर बहुधा फेअरच्या तपासणीतच कळतं.

काटा नसेल तर टेप वापरा: पुढच्या पायांमागचा छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, भागिले 400. घेर 42 आणि लांबी 46 असेल तर सुमारे 203 पाउंड. दर रविवारी मोजा आणि वहीत लिहा. वाढ रोज दोन पाउंडांच्या वर चालली असेल तर खाद्य आत्ता जरा आखडायचं, शेवटच्या आठवड्यात उपाशी ठेवून नव्हे.

डुक्कर ज्यातून पाणी पितं ती नळाची निपल रोज दाबून बघा. पाणी तुटलं की डुकराच्या अंगात मीठ साचतं, आणि मग ते एकदम पोटभर पाणी प्यायलं तर मेंदूला सूज येऊन झटके येतात. असं झालंच तर पाणी थोडं-थोडं द्या आणि पशुवैद्याला फोन करा. डुकराला नावापुरताच घाम येतो, म्हणून 85 अंशांच्या वर सावली आणि तुषार हवेतच. घरातलं खरकटं घालू नका. मांस लागलेलं उरलंसुरलं डुकराला देण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत, कारण रोग त्यातूनच पसरतात. खाद्याच्या पोत्यावर रॅक्टोपामिन (मांस वाढवण्यासाठी खाद्यात घालतात ते औषध) लिहिलंय का ते वाचा. पुष्कळ फेअरमध्ये बंदी आहे.

चालवायचा सराव सहा-आठ आठवडे आधी, सकाळी गारव्यात, दहा मिनिटांपासून. छडी जबड्याच्या बाजूला टेकवली की डुक्कर वळतं, बरगडीच्या बाजूला हलकी लागली की पुढे जातं. पाठीवर आणि मांडीवर मारायचं नाही. तिथे वळ उठतो आणि परीक्षकाला तोच दिसतो. रिंगणात डुक्कर नेहमी मुलाच्या आणि परीक्षकाच्या मध्ये, अंतर दहा-पंधरा फूट. मुलांची नेहमीची चूक: डुकराकडेच बघत राहतात, आणि परीक्षक कधी मागे गेला हे त्यांना कळत नाही.

ताप-खोकला असलेल्या मुलाला डुकरांच्या बराकीत नेऊ नका, आणि तिथे खाणं-पिणंही नको. फ्लू माणसाकडून डुकराला जातो आणि उलटही येतो. 2012 मध्ये फेअरमधून असे 300 च्या वर रुग्ण निघाले होते. घरीसुद्धा कोंबड्यांचे आणि डुकरांचे बूट वेगळे ठेवा.

फेअरवरून आलेल्या कोंबड्या 30 दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवायच्या. बाजारी गटातलं, म्हणजे मांसासाठी विकायचं, डुक्कर मात्र परत येत नाही. लिलावानंतर त्याच्या पाठीवर रंगाने खूण करतात आणि ते ट्रकमध्ये चढतं. आपल्याकडच्या कित्येक घरांत मांस शिजत नाही, तिथे हे बोलणं एप्रिलमध्येच, पिल्लू आणायच्या आधी व्हायला हवं. मुलाची तयारी नसेल तर पैदाशीच्या गटात मादी उतरवता येते. ती घरी परत येते.