बिबळ्याचं बी उगवत नाही म्हणता? असं उगवतं

चौकटीला साग, नाहीतर बिबळा. विदर्भात यालाच बीजा म्हणतात. लाकूड, लाल चीक आणि त्याच लाकडाचे औषधी पेले यांच्यापायी जंगलातला बिबळा इतका तुटला की आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत तो आज धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. घरासाठी हे लाकूड हवं असेल तर ते आपल्या बांधावर वाढवा. रोपं मात्र सहज मिळत नाहीत, म्हणून बियांपासूनच सुरुवात.

फळं तपकिरी, कोरडी झाली की झाडावरून उतरवा. खाली पडून राहिलेली घेऊ नका, त्यांत बहुधा कीड असते. चार-पाच कापून पाहा. आत बी भरलेलं नसेल तर दुसरं झाड गाठा.

आता खरी अडचण. ‘रात्रभर पाण्यात भिजवा आणि पेरा’ हा सल्ला देणाऱ्याने बिबळा कधी लावलेलाच नसतो. फळ पापडासारखं चपटं, कडेला पातळ पंख आणि मधे टणक फुगवटा. बी त्या फुगवट्यात, एखाददुसरंच. उकळतं पाणी सुबाभळीच्या बियांना चालतं, कारण तिथे बियांचं कवच कठीण असतं. इथे आडवी येते ती फळाची भिंत, आतलं बी नाजूकच. अडकित्त्याने फोडायला जाल तर बी चिरडेल. कात्रीने फक्त पंख छाटा, फुगवट्याला हात लावू नका. मग फळं दोन-तीन दिवस पातळ शेणकाल्यात बुडवून ठेवा आणि रोज ढवळा. वास येतो, येऊ द्या. भिंत मऊ पडते ती त्यानेच.

नंतर वाळूच्या वाफ्यात फळं आडवी ठेवून वर बोटभर जाडीचाच थर द्या. वाळू ओली हवी, चिखल नको. उगवण एकदम होत नाही: काही कोंब दोन-तीन आठवड्यांत दिसतात, काही बरेच मागाहून. पंधरा दिवसांत वाफा उकरून टाकणारेच पुढे ‘बी खोटं होतं’ असं सांगत फिरतात. निम्मी फळं वाया जातील हे धरूनच पेरा.

दोन पानं आली की खोल पिशवीत हलवा. पुढच्या पावसाळ्यात उघड्या उन्हाच्या, निचऱ्याच्या जागी लावा. कुंपण हवंच, पाला गुरांना आवडतो.

पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत रोप शेंड्यापासून वाळतं. उपटू नका! मूळ जिवंत असतं, पावसात पुन्हा फुटतं. वणव्यापासून मात्र जपा.

झाडांची नोंद सातबाऱ्यावर आत्ताच करून घ्या. 1964 च्या झाडे तोडण्याच्या कायद्यात बिबळा अनुसूचित आहे, तोडीला परवानगी लागते आणि तेव्हा नोंद नसेल तर हेलपाटे ठरलेले. आणि चौकट चुन्याच्या भिंतीत बसवणार असाल तर आधी तेलाचे दोन हात मारा. ओल लागली की बिबळा पिवळा रंग सोडतो आणि गिलाव्यावर डाग पडतात.